मावळची जमीन आणि परीक्षेची इंग्रजी

आर्थिक विकास आणि निसर्ग यांच्यातील द्वंद्व हा महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला इंग्रजीतून लिहावा लागणारा बहुधा सर्वांत हमखास विषय आहे. शालान्त परीक्षेतील ‘व्ह्यू-काउंटरव्ह्यू’ या लेखनप्रकारात, म्हणजे दिलेल्या मताच्या विरुद्ध बाजूचा परिच्छेद लिहिण्याच्या प्रश्नात, तो भेटतो. परदेशी शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या आयेल्ट्स परीक्षेत ४० मिनिटांत किमान २५० शब्दांचा जो निबंध लिहायचा असतो, त्यात दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत देण्याची सूचना वारंवार येते. आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन हा सामान्य अध्ययनाचा नेमलेला भाग आहे. या मागणीपोटी शब्दांचा आणि वाक्प्रयोगांचा एक ठरीव साठा तयार झाला असून तो शिकवणीवर्गांतून आणि मार्गदर्शकांतून पिढ्यानपिढ्या पुढे सरकतो. ‘रॅपिड अर्बनायझेशन’, ‘ॲट द कॉस्ट ऑफ नेचर’, ‘बून ऑर बेन’, ‘द नीड ऑफ द अवर’ आणि शेवटी, जवळजवळ नियमाने, ‘स्ट्राइक अ बॅलन्स’. हा साठा पाठ असलेल्या विद्यार्थ्याला गुण मिळतात, यात शंका नाही. प्रश्न असा आहे की त्याच विद्यार्थ्याच्या गावावरून रस्ता, जलवाहिनी किंवा आरक्षणाची रेषा जाणार असेल आणि तिची कागदपत्रे इंग्रजीत असतील, तर या साठ्यातील एक तरी शब्द त्याच्या कामी येईल काय?

देहूरोड आणि त्याच्या पश्चिमेचा लोणावळ्यापर्यंतचा मावळ तालुका हा प्रश्न तपासायला महाराष्ट्रात सर्वांत योग्य प्रदेशांपैकी एक आहे. जुना मुंबई-पुणे महामार्ग, द्रुतगती मार्ग आणि लोहमार्ग या तिन्ही वाटा येथून जातात. पूर्वेला पिंपरी-चिंचवडची कारखानदारी, उत्तरेला तळेगाव आणि चाकणच्या औद्योगिक वसाहती, पश्चिमेला घाटमाथा आणि मध्ये इंद्रायणी व पवना यांची खोरी आहेत. आणि खुद्द देहूरोड हे लष्कराच्या कोठारांभोवती वाढलेले छावणीचे गाव आहे. पिंपरी-चिंचवडचेच प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली, तेव्हा त्यामागे ग्रामीण आणि कामगारवर्गातील मुलांना इंग्रजीची दारे खुली व्हावीत हा हेतू होता. तो हेतू योग्यच होता. मात्र ज्या इंग्रजीतून या मुलांच्या आईवडिलांच्या जमिनीचे आणि पाण्याचे निर्णय झाले ती इंग्रजी, आणि याच विषयावर त्यांना पाठ करायला दिली जाणारी इंग्रजी, या दोहोंचा एकमेकींशी संबंधच राहिलेला नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम परीक्षेच्या इंग्रजीची घडण पाहावी. ‘ट्रीज आर बीइंग कट’, ‘रिव्हर्स आर गेटिंग पोल्यूटेड’, ‘पीपल आर डिस्प्लेस्ड’ अशी तिची वाक्ये असतात. व्याकरणाच्या दृष्टीने ही कर्मणी रचना आहे आणि इंग्रजीत ती अतिशय सहज वापरली जाते. परंतु ती सतत वापरली की वाक्यातून कर्ता नाहीसा होतो. झाडे तोडली जातात, पण ती कोणी तोडली, कोणत्या परवानगीने तोडली आणि तोडल्यावर त्या जागी जे उभे राहिले त्याचा उपयोग कोणाला झाला, हे विचारण्याची जागाच वाक्यात उरत नाही. तीच गोष्ट ‘डेव्हलपमेंट व्हर्सेस नेचर’ या मथळ्याची. त्यात एका बाजूला विकास आणि दुसऱ्या बाजूला निसर्ग अशा दोन भाववाचक नामांची लढत लावलेली असते आणि माणसे प्रेक्षकांत बसवलेली असतात. अशा मांडणीत समतोल साधण्याचा सल्ला देणे सोपे जाते, कारण समतोल साधताना नेमके कोणी काय सोडायचे हे सांगावे लागत नाही.

मावळात घडलेल्या वादांचा इतिहास या मांडणीत बसत नाही. १९११ साली लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी झाली आणि १९१५ पासून लोणावळा, वळवण व शिरवता या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून तयार केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. त्यानंतर आंद्रा नदीवरील ठोकळवाडीचे धरण झाले आणि पाठोपाठ नीला-मुळा संगमावरचे मुळशीचे. या धरणांचे तांत्रिक वैशिष्ट्य असे की सह्याद्रीच्या पूर्व उतारावर पडून भीमेला मिळायचे पाणी त्यांनी पश्चिमेकडे वळवले. सहा धरणांतून असे वर्षाला सुमारे ४२ टीएमसी, म्हणजे ४२ अब्ज घनफूट, पाणी कोकणात उतरते. वीज निर्माण करून झाल्यावर तेच पाणी पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका यांच्या काठच्या शहरांना व कारखान्यांना पुरते. भीमेच्या खालच्या अंगाला, सोलापूरकडे, दुष्काळी टापू आहे. या व्यवहाराला विकास विरुद्ध निसर्ग म्हणायचे तर त्यातील निसर्ग कोणता? गिरणीची वीज हा विकास, सोलापूरचे भिजणारे शेत हाही विकास, आणि दोन्ही एकाच पावसावर अवलंबून. हा संघर्ष एका विकासाचा दुसऱ्या विकासाशी, एका खोऱ्यातील माणसांचा दुसऱ्या खोऱ्यातील माणसांशी आहे.

मुळशीच्या वेळी ही गोष्ट उघड झाली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यातील मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे सेनापती बापट, आणि विनायकराव भुस्कुटे यांनी तो पुढे नेला आणि अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी त्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले. जमीन घेण्यासाठी सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला. त्या कायद्यातील मध्यवर्ती संज्ञा ‘पब्लिक पर्पज’ ही होती. तिचा अर्थ सार्वजनिक प्रयोजन असा होतो आणि त्या प्रयोजनासाठी खाजगी मालकीची जमीन मालकाच्या संमतीवाचून घेता येत असे. शिवाय कंपनीसाठी जमीन संपादित करून देण्याची वेगळी तरतूद त्याच कायद्यात होती. मुंबईच्या वीजपुरवठ्यासाठी एका खाजगी कंपनीचे धरण हे सार्वजनिक प्रयोजन ठरले आणि सुमारे ५० गावांची भातखाचरे हे त्या प्रयोजनाच्या आड येणारे खाजगी हित ठरले. जे ‘पब्लिक’ या शब्दात मोजले गेले आणि जे त्याच्या बाहेर राहिले, त्यांची विभागणी त्या एका संज्ञेने केली. आंदोलनाच्या आतही एक फूट होती, आणि ती दडवून चालणार नाही: पेट्यातील बरीच जमीन पुण्यातील सावकारांच्या नावे होती, त्यांना मोबदल्याचा दर महत्त्वाचा होता, कुळांना जमीन महत्त्वाची होती. ‘ओनर’ आणि ‘टेनंट’ या दोन इंग्रजी शब्दांतील अंतर येथे चार वर्षांच्या लढ्याचे भवितव्य ठरवण्याइतके मोठे होते. परीक्षेच्या शब्दसंग्रहात ‘डिफॉरेस्टेशन’ असते, ‘टेनंट’ नसतो.

‘पब्लिक’ या शब्दाचा दुसरा वापरही विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवा. १९९६ साली, हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्राशी छेडछाड करणाऱ्या एका विश्रामधामाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ‘पब्लिक ट्रस्ट डॉक्ट्रिन’ भारतीय कायद्यात लागू केले. नदी, किनारा, जंगल, हवा यांचा शासन मालक नसून विश्वस्त आहे आणि विश्वस्ताला ही संपत्ती खाजगी लाभासाठी देऊन टाकता येत नाही, असा या तत्त्वाचा आशय आहे. त्याच वर्षी वेल्लोर येथील चर्मोद्योगांच्या खटल्यात ‘पोल्यूटर पेज’, म्हणजे प्रदूषण करणाऱ्याने त्याची भरपाई करावी, आणि ‘प्रिकॉशनरी प्रिन्सिपल’, म्हणजे हानीचा पूर्ण पुरावा हाती येण्याची वाट न पाहता सावधगिरीची पावले उचलावीत, ही दोन तत्त्वे न्यायालयाने देशाच्या कायद्याचा भाग ठरवली. १८९४ च्या ‘पब्लिक पर्पज’ने शासनाला घेण्याचा अधिकार दिला आणि १९९६ च्या ‘पब्लिक ट्रस्ट’ने त्याच्यावर राखण्याचे कर्तव्य टाकले. १०२ वर्षांच्या अंतराने एकाच विशेषणाला आलेले हे दोन अर्थ नीट समजलेला विद्यार्थी ‘सस्टेनेबल डेव्हलपमेंट’ हा शब्दही अधिक जबाबदारीने वापरेल. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास, ही त्याची १९८७ च्या ब्रुंटलंड आयोगाने रूढ केलेली व्याख्या प्रत्येक मार्गदर्शकात असते. ती पाठ करणाऱ्याला आजच्या गरजा म्हणजे नेमक्या कोणाच्या, हे विचारायला मात्र कोणी शिकवत नाही.

येथे विरुद्ध बाजूही तितक्याच गंभीरपणे ऐकली पाहिजे, कारण निसर्गाच्या नावाने बोलणाऱ्या भाषेतूनही माणसे गळतात. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली आणि तेव्हापासून हे ठिकाण देशभरातील अनुयायांचे श्रद्धास्थान झाले. याच आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर इंग्रजीत लिहिलेल्या निबंधात असे दाखवले होते की शेतीच्या दुरवस्थेचे मूळ जमिनीच्या तुकड्यांत शोधण्यापेक्षा जमिनीवर पडलेल्या फाजील मनुष्यबळात शोधावे, आणि त्यावरचा उपाय उद्योगीकरण हा आहे. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना दामोदर खोऱ्यासारख्या बहुउद्देशीय नदीयोजनांच्या आखणीत त्यांचा मोठा वाटा होता. ज्याच्या वाट्याला जमीनही आली नाही आणि गावाने पाणीही मोकळेपणाने भरू दिले नाही, त्याला कारखान्यातील पगार, शहरातील खोली आणि नळाचे पाणी म्हणजे काय, हे घाटमाथ्यावरील दुसऱ्या घराच्या गॅलरीतून निसर्गरक्षणाचा आग्रह धरणाऱ्याला सहजी कळत नाही. म्हणून ‘नेचर’ची बाजू घेणारा परिच्छेद लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानेही आपल्या वाक्याला कर्ता द्यावा: कोणासाठी राखलेला निसर्ग, आणि तो राखण्याची किंमत कोणी मोजायची?

पवनेच्या बंद जलवाहिनीचा वाद ताजा आणि अधिक वेदनादायक आहे. पवना धरणाचे पाणी नदीपात्रातून वाहत खाली येते आणि रावेत येथील बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवडसाठी उचलले जाते. ते धरणापासून थेट निगडीपर्यंत सुमारे ३४ किलोमीटर लांबीच्या बंद नळातून आणण्याची महापालिकेची योजना होती. तिच्या समर्थनार्थ अभियांत्रिकीतील ‘कन्व्हेयन्स लॉस’ ही संज्ञा पुढे केली जाते. पाणी वाहून नेताना बाष्पीभवन, जमिनीत मुरणे आणि वाटेतील उपसा यांमुळे जी घट होते तिला हे नाव आहे, आणि बंद नळाने ती टळते, शिवाय वाटेत मिसळणाऱ्या सांडपाण्यापासूनही पाणी वाचते. अभियंत्याच्या हिशोबात हे सर्व खरे आहे. परंतु शहराच्या तक्त्यात जे मुरणे तोट्याच्या रकान्यात जाते, त्याच मुरण्यावर नदीकाठच्या विहिरी भरतात, आणि वाटेतील उपशाचा बराचसा भाग म्हणजे पवनमावळातील शेतकऱ्यांचे पंप आहेत. धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशके रेंगाळलेला असताना आता नदीही नळात जाणार, या भीतीने ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी मृत्युमुखी पडले आणि योजनेला स्थगिती मिळाली.

या घटनेवर ‘डेव्हलपमेंट व्हर्सेस नेचर’ या चौकटीतून निबंध लिहिला तर तो चुकीचा होईल, कारण आंदोलन करणाऱ्यांपैकी कोणी नदीच्या सौंदर्यासाठी रस्त्यावर उतरले नव्हते आणि शहरातील कामगार वस्त्यांना लागणारे पाणी ही चैन नव्हती. ‘लॉस’ कोणत्या बिंदूवर उभे राहून मोजायचा, धरणाच्या भिंतीपाशी, विहिरीच्या काठावर की शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात, हा वादाचा गाभा होता. अशा संज्ञा अंगभूत निःपक्षपाती वाटतात, आणि म्हणूनच त्या कोणत्या जागेवरून मोजतात हे शोधून काढणे हे भाषाशिक्षणाचे काम ठरते. इंग्रजीच्या तासाला ‘लॉस’चे विरुद्धार्थी ‘गेन’ एवढे सांगून थांबले तर हे काम होत नाही.

देहूरोड परिसरातील सामान्य माणसाचा शब्दसंग्रह या बाबतीत पाठ्यपुस्तकाच्या पुष्कळ पुढे आहे, ही या विषयातील सर्वांत उत्साहवर्धक बाजू. येथे ‘रेड झोन’ हा शब्द घरोघर माहीत आहे. दारूगोळा कोठाराच्या भोवती २००० यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटरच्या टापूत, संरक्षणविषयक १९०३ च्या कायद्याखाली बांधकामावर निर्बंध आहेत आणि रुपीनगर, तळवडे, यमुनानगर अशा वस्त्यांतील कित्येक घरांचे खरेदीखत, कर्ज आणि पुनर्बांधणी या एका शब्दावर अडून राहते. नदीकाठच्या माणसाला ‘ब्लू लाइन’ आणि ‘रेड लाइन’ ठाऊक असतात: सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पाण्याची हद्द ती निळी पूररेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. शेतकरी ‘एनए’, ‘ग्रीन झोन’, ‘आरपी रोड’, ‘एफएसआय’, ‘टीडीआर’ हे शब्द सातबाऱ्याइतक्याच सराईतपणे वापरतो. त्यातील ‘ग्रीन झोन’चा अर्थ तर शाळेत शिकवल्या जाणाऱ्या ‘ग्रीन’शी जुळतही नाही, नकाशात तो शेतीसाठी राखलेला आणि बांधकामाला मर्यादित परवानगी असलेला विभाग असतो, तेथे झाड एकही नसले तरी चालते. याच्या उलट कोठाराभोवतीच्या लाल टापूत, लष्कराच्या ताब्यातील जमिनीवर बांधकाम नसल्यामुळे, झाडी आणि मोकळी माळराने टिकून राहिली आहेत. हा विरोधाभास ज्या मुलाच्या रोजच्या वाटेवर आहे त्याला ‘ग्रीन’ या विशेषणावर इंग्रजीतून एक उत्तम परिच्छेद लिहिता येईल, पण तसा प्रश्न त्याला कोणी घातलेला नाही.

उलट दिशेचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. मावळात जमिनीचे वर्णन करणारे शब्द बारकाईचे आहेत. पाणी धरून ठेवणारे बांधबंदिस्तीचे भाताचे खाचर वेगळे, डोंगरउताराची, नाचणी-वरी काढून काही वर्षे विश्रांतीला सोडलेली वरकस जमीन वेगळी, जनावरांचे गायरान वेगळे आणि देवाच्या नावाने राखलेली राई वेगळी. देवराया या जैवविविधतेच्या दृष्टीने किती मोलाच्या आहेत हे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केलेल्या अभ्यासाने दाखवून दिले. परंतु प्रशासनाच्या इंग्रजीत वरकस, गायरान आणि माळ यांपैकी बरेच काही ‘वेस्टलँड’ या एका नावाखाली गेले. जी जमीन महसूल देत नाही ती वाया गेलेली, हा वसाहतकाळातील महसूलखात्याचा दृष्टिकोन त्या शब्दात गोठलेला आहे आणि पडीक जमिनींचे राष्ट्रीय नकाशे आजही त्याच नावाने निघतात. पुण्याभोवतीची गवताळ माळराने, जेथे लांडगे आणि चिंकारा राहतात आणि धनगरांची मेंढरे चरतात, ती या वर्गीकरणामुळे मोकळी जागा समजली जातात आणि त्यांवर प्रकल्प किंवा वृक्षारोपण करणे हे सुधारणेचे काम ठरते. महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने गुरांची चरणीची राने बंद केल्याबद्दल संताप व्यक्त केला आणि त्याच ग्रंथात डोंगरउतारांवर ठिकठिकाणी बंधारे घालून पाणी व माती अडवण्याची योजनाही मांडली. त्यांच्या विचारात रान राखणे, शेत पिकणे आणि माणूस जगणे ही एकाच प्रश्नाची अंगे होती. मराठीत हा विचार जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी मांडला गेला असताना त्याच मराठी मुलांना या विषयाची सुरुवात ‘व्हर्सेस’पासून करायला लावणे हे शैक्षणिक दारिद्र्य आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहराचा आयआर-८ या अधिक उत्पन्न देणाऱ्या जातीशी संकर करून काढलेला इंद्रायणी तांदूळ आज राज्यभर पिकतो. तो निसर्गाच्या रकान्यात लिहायचा की विकासाच्या, याचे उत्तर ‘व्हर्सेस’च्या चौकटीत मिळणार नाही.

एका संज्ञेचे उदाहरण जरा जवळून घ्यावे. ‘कॅरिइंग कपॅसिटी’ हा शब्द पर्यावरणशास्त्रात एखादा परिसर स्वतःची हानी न होता किती जिवांचा भार कायम सोसू शकतो यासाठी वापरतात आणि मराठीत त्याला धारणक्षमता म्हणतात. अभियंता त्याच अर्थाची गोष्ट पुलाच्या भारवहनाबद्दल बोलतो. देहूरोडपासून जवळच, इंद्रायणीवर कुंडमळा येथे, १५ जून २०२५ रोजी पर्यटकांच्या गर्दीखाली जुना लोखंडी पूल कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, ३० जून २०२४ रोजी, लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या वरच्या अंगाला धबधब्याच्या लोंढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. भुशीचे धरण ब्रिटिश काळात रेल्वेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले. पावसाळी सुट्टीच्या दिवशी त्याच्या पायऱ्यांवर जमणाऱ्या गर्दीचा विचार तेव्हा कोणी केला असण्याचे कारण नव्हते. लोणावळ्याच्या पर्यटनाबद्दल ‘टुरिझम बूस्ट्स द लोकल इकॉनॉमी’ हे वाक्य प्रत्येक निबंधात असते आणि ते खोटेही नाही. चिक्कीची दुकाने, हॉटेले, जीपचालक, मक्याची कणसे भाजणाऱ्या बाया यांचे वर्षाचे पैसे पावसाच्या तीन महिन्यांत उभे राहतात. त्यापुढचे वाक्य मात्र ‘बट इट हार्म्स नेचर’ असे न येता, या दरीची, या पुलाची आणि या रस्त्याची धारणक्षमता किती, ती कोणी मोजली आणि मोजली असेल तर गर्दी त्या आकड्यापाशी थांबवण्याची जबाबदारी कोणाची, असे आले पाहिजे. मोजता येणारी संज्ञा हाती आली की हळहळ व्यक्त करण्यापलीकडे जाऊन उत्तर मागता येते.

उत्तर मागण्याच्या जागा कायद्याने नेमलेल्या आहेत, आणि भाषेचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेथेच उभा राहतो. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पूर्वपरवानगी घेण्याआधी ‘एन्व्हायर्नमेंटल इम्पॅक्ट असेसमेंट’, म्हणजे पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन, करावे लागते आणि अनेक प्रकारांत ‘पब्लिक हिअरिंग’, म्हणजे जनसुनावणी, घ्यावी लागते. सुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना द्यायची असते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करायचा असतो. येथे ‘सारांश’ या शब्दावर थांबले पाहिजे. शेकडो पानांचा मूळ अहवाल, ज्यात भूजलाची पातळी, उतारांची स्थिरता, सांडपाण्याची विल्हेवाट आणि ‘मिटिगेशन मेझर्स’, म्हणजे होणारी हानी सौम्य करण्याचे उपाय, यांचे तपशील असतात, तो इंग्रजीतच राहू शकतो. ज्याची विहीर आटण्याची शक्यता त्या अहवालाच्या एखाद्या तक्त्यात नोंदलेली असेल त्याला काही पानांचा मराठी सारांश मिळतो. शिवाय बांधकाम आणि नगरवसाहतींचे प्रकल्प याच अधिसूचनेने लोकांशी विचारविनिमय करण्याच्या अटीतून वगळले. मावळासारख्या तालुक्यात, जेथे डोंगरउतारावरील बंगल्यांची संकुले हाच जमिनीच्या रूपांतराचा मुख्य प्रकार आहे, तेथे या वगळण्याचा अर्थ फार मोठा होतो.

मार्च २०२० मध्ये या अधिसूचनेची जागा घेणारा नवा मसुदा केंद्राने काढला तो इंग्रजी आणि हिंदीत. त्याविरुद्धच्या याचिकेवर ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत अनुवादित करण्याचा आदेश दिला, आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. केंद्र सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्या कायद्याने प्रभावित लोकांचे म्हणणे ऐकायचे तो कायदा त्यांच्या भाषेत देण्यावरच न्यायालयीन वाद व्हावा, यापेक्षा भाषेच्या सत्तेचा स्पष्ट पुरावा मिळणे कठीण आहे. राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे, मावळातून लोकलने गाठता येईल इतके जवळ. पण तेथील कामकाज इंग्रजीतून चालते.

या सर्वाचा निष्कर्ष कागदपत्रे मराठीत मिळण्याचा आग्रह धरणे हा आहे, इंग्रजी सुधारणे हा नव्हे, असा आक्षेप येईल, आणि तो निम्मा बरोबर आहे. अहवाल पूर्णपणे मराठीत मिळाले पाहिजेत, याबद्दल दुमत असू नये; भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांमुळे त्यासाठी लागणाऱ्या मराठी संज्ञांची उणीवही आता फारशी नाही. परंतु अनुवाद कोणी केला, काय गाळले आणि ‘मे’ व ‘शॅल’ यांतील फरक राखला की नाही, हे तपासायलाही मूळ वाचता यावे लागते. इंग्रजी कायद्यात ‘शॅल’ हे बंधन असते आणि ‘मे’ ही मुभा. झाडे लावण्याची अट ‘मे’ने लिहिली असेल तर ती अट राहतच नाही. दुसरा आक्षेप असा की वर्गात अशी कागदपत्रे आणणे म्हणजे शिक्षणात राजकारण आणणे. मात्र ठरीव निबंधही राजकीयच असतो. कोणत्याही निर्णयाला कर्ता नसतो आणि प्रत्येक वादाचे उत्तर मधोमध असते, ही त्याची शिकवण आहे. पवनेच्या प्रश्नावर विद्यार्थ्याने कोणती बाजू घ्यावी हे शिक्षकाने सांगू नये. ‘कन्व्हेयन्स लॉस’चा तक्ता आणि नदीकाठच्या विहिरींची माहिती मात्र दोन्ही त्याच्यापुढे ठेवावीत.

पश्चिम घाटाचे उदाहरण अशा वर्गासाठी सर्वांत उपयुक्त ठरेल, कारण तो विषय अजून संपलेला नाही. गाडगीळ समितीने २०११ साली संपूर्ण पश्चिम घाटाची संवेदनशीलतेनुसार तीन स्तरांत विभागणी सुचवली आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी चर्चा करून ठरवाव्यात असे म्हटले. सिंधुदुर्गातील काही ग्रामसभांनी तर स्वतःहून आपली गावे संवेदनशील जाहीर करण्याची मागणी केली. २०१३ च्या कस्तुरीरंगन समितीने ‘नॅचरल लँडस्केप’ आणि ‘कल्चरल लँडस्केप’ असा भेद केला: जंगल व नैसर्गिक वनस्पती टिकून असलेला भूभाग पहिल्यात, आणि शेती, बागायती व वस्त्या असलेला, म्हणजे माणसाच्या वावराने घडलेला, दुसऱ्यात. दुसरा भाग, जो निम्म्याहून अधिक होता, त्यांनी संरक्षणाच्या कक्षेबाहेर ठेवला. भाताची खाचरे आणि त्यांच्या माथ्यावरची देवराई ज्या गावात एकाच बांधाने जोडलेली असतात तेथे ही रेघ कोठून ओढायची, हे मावळातील कोणत्याही शेतकऱ्याला विचारण्यासारखे आहे. मार्च २०१४ मध्ये संवेदनशील क्षेत्राची पहिली प्रारूप अधिसूचना निघाली. मुदती संपत गेल्या, ती पुन्हा पुन्हा निघत राहिली, आणि ३१ जुलै २०२४ रोजी तिची सहावी आवृत्ती आली. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र असून पुणे जिल्ह्याच्या पश्चिम तालुक्यांतील गावांची, मावळासह, यादी जोडलेली आहे. प्रत्येक वेळी हरकतींसाठी ६० दिवस मिळतात. दहावीच्या वर्गाने त्या यादीत आपले किंवा शेजारचे गाव शोधावे, ‘प्रोहिबिटेड’ आणि ‘रेग्युलेटेड’ या दोन शब्दांखाली खाणकाम, औष्णिक वीजप्रकल्प आणि मोठी बांधकामे यांपैकी काय कोठे येते ते वाचावे, घरी जाऊन ते मराठीत समजावून सांगावे, आणि त्या घराला जे म्हणायचे असेल, बाजूने किंवा विरोधात, ते कर्ता असलेल्या सरळ इंग्रजी वाक्यांत एका पानावर लिहून मुदतीच्या आत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या पत्त्यावर पाठवावे. अडीचशे शब्द त्याला पुरतात.